विहीर आमची, पण नकाशात शेजाऱ्याची! अक्षांश-रेखांश आणि भारताचा ‘डेटम’ सोप्या भाषेत

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. आमचं गाव सावदा आणि रावेरच्या मधलं, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यापासून थोडं आत. बॅग खाली ठेवून पाणीही प्यायलो नव्हतो, तोच चुलतभाऊ फोन घेऊन समोर उभा. “भो, हे पाय. आपली विहीर त्यायच्या गटात दाखवून राह्यली.”

‘त्यायच्या’ म्हणजे आमच्याच भाऊबंदांच्या. आजोबांच्या चुलतभावाचं घर. शेताला शेत लागून, आमच्या वायव्येला. झालं होतं असं की गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी एक फाइल टाकली होती. गावाचा गटनकाशा, सॅटेलाइट फोटोवर चढवलेला. मॅपच्या ॲपमध्ये एका टॅपवर उघडायची. त्या घरचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे. त्याने फाइल उघडली, आमच्या विहिरीवर झूम केलं, तर गट नंबर त्यांचा! आजोबांनी खोदलेली विहीर, सातबाऱ्यावर नोंद आमची, गेली कित्येक वर्षं मोटारीचं बिल आम्ही भरतोय. पण नकाशाच सांगतोय म्हटल्यावर कोण ऐकतो? पोळ्याला त्या घरून आमच्याकडे कोणी आलं नाही, आमच्याकडून तिकडे कोणी गेलं नाही. केळीचं पीक, उन्हाळ्यात चार दिवस पाणी चुकलं तर बाग बसते. त्यामुळे विहिरीचा वाद म्हणजे नुसता मानपानाचा वाद नाही.

मी पुण्यात नकाशांचंच काम करतो, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फाइल उघडली आणि विहीर सोडून आधी बाकीच्या गोष्टी पाहिल्या. नाला. गावातून शेताकडे जाणारा गाडरस्ता. गावठाणाची हद्द. नकाशातला नाला खऱ्या नाल्यावर नव्हता, सरळ केळीच्या बागेतून वाहत होता. रस्ताही तसाच सरकलेला. आणि गंमत म्हणजे सगळं एकाच दिशेला, आग्नेयेला, आणि सारख्याच अंतराने. ॲपमधली पट्टी लावून मोजलं तर सव्वाशे मीटरच्या आसपास. आमच्याकडे केळी साधारण दीड मीटरवर लावतात. म्हणजे हिशोब करा, ऐंशीहून जास्त ओळी!

सगळं सारखंच सरकलेलं दिसलं की नकाशावाल्या माणसाच्या डोक्यात एकच शब्द येतो: डेटम.

डेटम म्हणजे नक्की काय?

गावात तुम्ही कोणाला सांगितलं, “वडापासून पूर्वेला दोनशे पावलं चाल, तिथे घर आहे”, तर तो आधी काय विचारेल? कोणता वड? आणि पावलं कोणाची, तुझी की माझी? अक्षांश-रेखांशाचंही अगदी तसंच आहे. आपल्याला शाळेत असं वाटतं की या रेषा पृथ्वीवर जणू आखूनच ठेवल्या आहेत. तसं नाही. त्या माणसाने ठरवलेल्या आहेत, आणि वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या ठरवलेल्या आहेत.

पृथ्वी काही गुळगुळीत चेंडू नाही. सातपुडा आहे, तापीचं खोरं आहे, समुद्र आहे, आणि धृवांकडे ती थोडी चपटी आहे. अशा ओबडधोबड वस्तूवर गणित करता येत नाही. म्हणून सर्वेक्षण करणारे एक कल्पनेतला, थोडासा चपटा, गुळगुळीत गोळा घेतात आणि त्याच्यावर अक्षांश-रेखांश आखतात. इथे दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली, गोळा केवढा आणि किती चपटा. दुसरी, तो खऱ्या पृथ्वीला कुठे आणि कसा बसवायचा. या दोन्ही मिळून जो ठराव होतो तो डेटम. गोळा बदलला किंवा त्याची जागा बदलली, की त्याच विहिरीचे अक्षांश-रेखांश बदलतात. विहीर मात्र जागची हललेली नसते.

भारताचा गोळा कोणी ठरवला?

ही गोष्ट सुरू होते 1802 साली, मद्रासला. विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने 10 एप्रिल 1802 रोजी तिथे एक लांबलचक सरळ रेषा साखळीने मोजायला घेतली. त्या एका रेषेवरून त्रिकोण, त्या त्रिकोणावरून पुढचा त्रिकोण, असं करत करत अख्खा देश मोजायचा. हाच तो ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे. कोन मोजायचं त्यांचं थिओडोलाइट यंत्र सुमारे अर्ध्या टनाचं होतं. ते डोंगरावर, देवळाच्या शिखरावर चढवायचं, शिष्टा जुळेपर्यंत वाट बघायची, रात्री दिव्याचा उजेड धरून कोन घ्यायचे. आज आपण ‘लोकेशन पाठव’ म्हणतो आणि दोन सेकंद लागले तरी चिडतो!

लॅम्बटनचा शेवट महाराष्ट्रातच झाला. काम करत करत नागपूरकडे जाताना जानेवारी 1823 मध्ये तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. वर्ध्याच्या बाजूला जाणं झालं तर जरूर बघा, फार कोणी जात नाही.

पुढे काम आलं जॉर्ज एव्हरेस्टकडे. हो, ज्याचं नाव शिखराला दिलं तोच. त्याने मोजलेल्या आकड्यांवरून 1830 साली एक गोळा ठरवला, त्याला ‘एव्हरेस्ट 1830’ म्हणतात. विषुववृत्ताजवळ त्याची त्रिज्या सुमारे 63,77,276 मीटर. आणि हा गोळा बसवायचा कुठे? त्यासाठी मूळ बिंदू निवडला गेला कल्याणपूर. हे मध्य प्रदेशातलं, विदिशा जिल्ह्यात सिरोंजजवळचं ठिकाण, आपल्या कल्याणशी त्याचा काही संबंध नाही. देशाच्या साधारण मध्यावर असलेल्या या बिंदूचे अक्षांश-रेखांश पक्के धरले आणि बाकी सगळा भारत त्याच्यापासून मोजला. रावेरही, सावदाही, आमच्या गावचा नालाही.

आता यात एक मेख आहे. तेव्हा उपग्रह नव्हते, त्यामुळे पृथ्वीचं केंद्र नेमकं कुठे आहे हे कळायला मार्ग नव्हता. ओळंबा लटकवायचा, ताऱ्यांचे वेध घ्यायचे, आणि गोळा भारताच्या भूभागाला जास्तीत जास्त नीट बसेल असा ठेवायचा, एवढंच हातात होतं. ते काम त्यांनी उत्तम केलं. पण त्यामुळे त्या गोळ्याचं केंद्र पृथ्वीच्या खऱ्या केंद्रापासून आठशे मीटरच्या आसपास बाजूला राहिलं. याला मी चूक म्हणणार नाही. शिंप्याने एका माणसाच्या मापाने सदरा शिवला, तो त्या माणसाला चपखल बसला. दुसऱ्याच्या अंगाला तो ढगळ होणारच.

मग फोन कोणता गोळा वापरतो?

तुमच्या फोनमधली जीपीएस चिप ज्या उपग्रहांशी बोलते ते अख्ख्या पृथ्वीभोवती फिरतात, एकट्या भारताभोवती नाही. त्यांना सगळ्या जगाला चालेल असा गोळा लागतो, आणि त्याचं केंद्र पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्रावरच पाहिजे, कारण उपग्रह त्याच्याचभोवती फिरतात. तो गोळा म्हणजे डब्ल्यूजीएस 84. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या 63,78,137 मीटर, म्हणजे एव्हरेस्टच्या गोळ्यापेक्षा साडेआठशे मीटरहून थोडी जास्तच. मॅपची ॲप्स, कॅबची ॲप्स, फोटोवर लोकेशन छापणारे कॅमेरे, पीक नोंदवायचे सरकारी ॲप, सगळे याच्यावरच चालतात.

आपल्यासारखी गंमत जगात इतरही ठिकाणी आहे. लंडनजवळ ग्रीनिचच्या वेधशाळेत जमिनीत एक पट्टी बसवली आहे, शून्य रेखांशाची. पर्यटक एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला ठेवून फोटो काढतात. पण तिथे फोन काढला तर तो शून्य दाखवतच नाही! फोनची शून्य रेषा तिथून 102 मीटर पूर्वेला, बागेतून जाते. चीनमध्ये तर सरकारने मुद्दामच नकाशे वेडेवाकडे सरकवायचा नियम केला आहे, त्यामुळे तिथे जीपीएसचा आकडा आणि स्थानिक नकाशा यात कित्येकशे मीटरचाही फरक पडू शकतो. आपल्याकडे असं मुद्दाम कोणी केलेलं नाही. आपल्याकडे फक्त दोन काळातले दोन गोळे आहेत.

रावेरमध्ये दोन 76° रेषा

इथे आमच्या भागाची एक खास गोष्ट सांगतो. 76° पूर्व रेखांश सावदा आणि रावेरच्या मधून जातो. सावदा त्याच्या पश्चिमेला, रावेर पूर्वेला. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट नेमक्या याच रेषेवर तुटतात. म्हणून सावदा येतं 46 ओ मध्ये आणि रावेर 55 सी मध्ये. तालुका एकच, बाजार एकच, पण शीट वेगळी! आम्हाला शाळेच्या प्रकल्पासाठी गावाचा नकाशा हवा होता तेव्हा दोन शीट चिकटवाव्या लागल्या होत्या.

आता ही 76° ची रेषा प्रत्यक्ष शेतात शोधायला निघालात तर काय होईल? फोन हातात घेऊन चालत राहा, 76.00000 आकडा आला की थांबा. ही झाली डब्ल्यूजीएस 84 ची रेषा. पण जुन्या टोपोशीटची कडा, म्हणजे एव्हरेस्टच्या गोळ्यावरची 76° रेषा, तिथून साधारण शंभर मीटर पश्चिमेला आहे. दोन्ही बरोबर. मधल्या पट्ट्यात ज्याचा मळा असेल त्याने कोणत्या शीटमध्ये राहायचं ते आपलं आपण ठरवावं!

उत्तर-दक्षिण फरकही आहे. आमच्याकडे तो ऐंशी मीटरच्या आसपास येतो. दोन्ही एकत्र केले की तिरपं अंतर सव्वाशे-एकशेतीस मीटर. म्हणजे जुन्या शीटवरून वाचलेला आकडा जसाच्या तसा फोनमध्ये टाकलात, तर फोन तुम्हाला खऱ्या जागेच्या आग्नेयेला सव्वाशे मीटरवर नेऊन उभं करेल. हे अंतर सगळ्या भारतात सारखं नाही, जागेप्रमाणे बदलतं. माझे आकडे रावेरपुरते धरा.

तर फाइलचं रहस्य असं होतं. ज्याने ती बनवली (पोरगा हुशार होता, वाईट हेतू अजिबात नव्हता) त्याने गटनकाशाचा फोटो घेतला, तो जुन्या टोपोशीटच्या स्कॅनवर जुळवला आणि शीटच्या कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश सॉफ्टवेअरमध्ये भरले. सॉफ्टवेअरने डेटम विचारला असेल, त्याने समोर दिसला तो डब्ल्यूजीएस 84 तसाच ठेवला असेल. सॉफ्टवेअर अशा वेळी तक्रार करत नाही, कारण आकडे दिसायला अगदी व्यवस्थित असतात. अख्खं गाव आग्नेयेला सरकलं आणि वायव्येच्या भाऊबंदांचा गट येऊन आमच्या विहिरीवर बसला.

जुना नकाशा आहे की नवा, कसं ओळखायचं?

शीटचा नंबर बघा. 46 ओ, 55 सी असा आकड्याने सुरू होणारा नंबर म्हणजे जुनी पद्धत. तिथे बहुधा एव्हरेस्टचाच गोळा असतो. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणात नकाशांच्या दोन मालिका ठरल्या. एक संरक्षण दलांसाठी, दुसरी सगळ्यांसाठी, म्हणजे ओपन सिरीज. ही दुसरी मालिका डब्ल्यूजीएस 84 वर आहे आणि तिचे नंबर अक्षराने सुरू होतात. आमचा भाग एफ 43 मध्ये येतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन पोर्टलवर या शीट मिळतात. नकाशाच्या खालच्या समासात डेटमचं नाव छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय एकही आकडा फोनमध्ये टाकू नका.

एफ 43 मधला 43 म्हणजे यूटीएम पद्धतीतला पट्टा. यूटीएममध्ये पृथ्वीचे 6-6 अंशांचे उभे 60 पट्टे करतात आणि अंशांऐवजी सरळ मीटरमध्ये मोजतात. रावेर 43 व्या पट्ट्यात, तिथला पूर्वेचा आकडा मोटामोटी 6 लाख 7 हजार मीटर आणि उत्तरेचा साडेतेवीस लाख मीटर. अंशांपेक्षा हे मला जास्त आवडतं, कारण दोन आकड्यांची वजाबाकी केली की अंतर थेट मीटरमध्ये मिळतं.

जुन्या लष्करी नकाशांवर आणखी एक जाळी दिसेल, ती मीटरमध्ये नाही तर यार्डांत. त्यात भारताचे आडवे पट्टे केलेले होते आणि एका पट्ट्याची हद्द होती 21° उत्तर. हा अक्षांश जळगाव शहराला अगदी खेटून जातो. म्हणजे रावेर एका पट्ट्यात आणि धुळे दुसऱ्या! खानदेशाच्या नशिबी रेषांवर बसणंच लिहिलंय बहुतेक.

पण गटनकाशावर अक्षांश-रेखांश असतातच कुठे?

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि बहुतेक लोकांना तो माहीतच नसतो. आपल्या गावचा जुना गटनकाशा ना एव्हरेस्टच्या गोळ्यावर आहे, ना डब्ल्यूजीएस 84 वर. तो कोणत्याच गोळ्यावर नाही.

मुंबई इलाख्यात जमीन मोजणीची पद्धत 1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून बसवली. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, म्हणून गुंठा 1089 चौरस फुटांचा. चाळीस गुंठे म्हणजे एकर. या साखळीने शेत मोजायचं, टिपणात आकडे लिहायचे, हद्दीवर दगड रोवायचे. उद्देश सारा ठरवण्याचा होता, त्यामुळे क्षेत्रफळ नीट निघालं म्हणजे झालं. हे शेत पृथ्वीच्या गोळ्यावर कुठे आहे, याच्याशी मामलेदाराला काय करायचंय? नंतर तुकडे एकत्र करून गट पडले, नकाशे पुन्हा काढले गेले, पण पाया तोच राहिला.

त्यामुळे असा कागद सॅटेलाइट फोटोवर चढवायचा म्हणजे तो कुठेतरी ओढूनताणून बसवावाच लागतो. कागद दमटपणाने आकसलेला असतो, घडीवर फाटलेला असतो, ट्रेस करताना रेघ जाड झालेली असते. मी त्या फाइलचा डेटम दुरुस्त केला. संगणकावर क्यूजीआयएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात मूळ डेटम ‘कल्याणपूर 1975’ निवडून डब्ल्यूजीएस 84 मध्ये बदलता येतं. नाला नाल्यावर आला, रस्ता रस्त्यावर आला, विहीर परत आमच्या गटात आली. ओसरीत हशा झाला. पण रेषा मात्र बांधांवर नीट बसल्या नाहीत. कुठे पाच मीटर आत, कुठे बारा मीटर बाहेर, दरवेळी वेगळ्या दिशेला. डेटम बदलण्याच्या या गणितातच दहा-पंधरा मीटरचा कमी-जास्तपणा राहतो, त्यात कागदाचा दोष मिसळला.

चुलतभावाला वाटलं प्रश्न सुटला. मी म्हटलं थांब. विहीर बांधापासून किती आत आहे? तो म्हणाला, दहा-बारा मीटर. मग बारा मीटर चुकणाऱ्या नकाशावर ती आपली आहे असं मी कसं म्हणू?

फोनचा निळा ठिपका किती खरा?

त्याने दुसरा उपाय काढला. “मी बांधावर उभा राहतो, ठिपका कुठं येतो ते बघू.” उभा राहिला. ठिपका आधी बांधावर होता, मग हळूहळू शेजारच्या केळीत गेला, मग परत आला. माणूस जागचा हललेला नाही!

मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचा ठिकाणा तीन ते दहा मीटरपर्यंत चुकू शकतो. वाढलेल्या केळीच्या बागेत, ओल्या पानांच्या छताखाली, आणखी जास्त. काही नव्या फोनमध्ये दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी पकडणारी चिप असते, तिथे जरा बरं पडतं. इस्रोच्या नाविक उपग्रहांचा सिग्नलही आता अनेक फोन घेतात, तोही डब्ल्यूजीएस 84 वरच आहे, त्यामुळे डेटमची भानगड नाही. पण यातल्या कशानेही बांधाचा वाद मिटत नाही, कारण आमच्याकडचा बांध स्वतःच हातभर रुंद असतो.

आणि ॲप दशांशानंतर सहा-सात आकडे दाखवतं म्हणून भुलू नका. पाचव्या दशांश स्थानाची किंमत साधारण एक मीटर. सहावं म्हणजे अकरा सेंटीमीटर, सातवं म्हणजे एक सेंटीमीटर. फोनला यातलं पाचवंच धड माहीत नसतं, पुढचे आकडे म्हणजे नुसती सजावट.

उंचीचंही जाता जाता सांगतो. काही ॲप्स गावाची उंची प्रत्यक्षापेक्षा पन्नासहून जास्त मीटरने कमी दाखवतात. फोन बिघडलेला नसतो. तो डब्ल्यूजीएस 84 च्या गोळ्यापासून उंची मोजतो आणि आपल्या भागात समुद्रसपाटीची पातळी त्या गोळ्याच्या तेवढी खाली आहे. सरकारी उंची मात्र समुद्रसपाटीपासूनची असते. त्यासाठी मुंबई, कारवारसह नऊ बंदरांवर भरती-ओहोटी मोजून पातळी ठरवली होती, तिचं गणित 1909 सालचं आहे.

मग हद्द मोजायची कशाने?

याचं उत्तर आहे कॉर्स आणि रोव्हर. कॉर्स म्हणजे चोवीस तास उपग्रहांचे सिग्नल घेत बसलेली पक्की केंद्रं. त्यांचं स्वतःचं ठिकाण अगदी अचूक माहीत असतं, त्यामुळे या क्षणी सिग्नलमध्ये किती चूक येतेय हे त्यांना कळतं. ती चूक इंटरनेटवरून शेतातल्या रोव्हरला कळवली जाते आणि रोव्हर आपला आकडा लगेच सुधारतो. मग फरक उरतो काही सेंटीमीटरचा. सर्व्हे ऑफ इंडियाने अशी केंद्रं देशभर उभारली आहेत, महाराष्ट्रात भूमी अभिलेख विभागाच्या सोबतीने सत्तरहून अधिक. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाचे भूकरमापक मोजणीला येताना काठीवर ताटलीसारखं जे यंत्र आणतात, ते हेच.

2021 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नकाशे आणि लोकेशनच्या माहितीवरची बरीच बंधनं उठवली आणि डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. त्यात देशाची मोजणीची चौकट नव्याने पक्की करायचं ठरलं आहे. सगळ्या देशासाठी 24° उत्तर आणि 80° पूर्व मध्य धरून एक सामाईक प्रक्षेपणही डब्ल्यूजीएस 84 वर आखलेलं आहे.

नव्याने कशाला, असं वाटेल. कारण आपली जमीनच सरकतेय! भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येला जातो. लॅम्बटनने साखळी टाकली तेव्हापासून अकरा मीटर झाले. फोनला त्याचं काही नाही, पण सेंटीमीटर मोजणाऱ्या रोव्हरला आहे. त्यामुळे आकड्यासोबत डेटम तर लिहायचाच, शिवाय तो कोणत्या वर्षीचा तेही लिहावं लागतं. ऑस्ट्रेलियाने याच कारणाने आपला डेटम बदलला. 1994 आणि 2020 च्या त्यांच्या आकड्यांत 1.8 मीटरचा फरक पडला.

तुमच्या हातात अशी फाइल आली तर

आधी आपलं शेत बघू नका. ज्याबद्दल वाद नाही अशा तीन-चार जागा बघा: नाल्याचं वळण, रस्त्याचा तिठा, गावठाणाचा कोपरा. सगळ्या एकाच दिशेला सारख्या सरकलेल्या असतील तर डेटम चुकलाय, आणि ते दुरुस्त होतं. प्रत्येक जागा वेगळ्या दिशेला वेगळी सरकलेली असेल तर कागद नीट बसवलेला नाही, ती फाइल बांधासाठी निकामी. रेषा ठीक वाटतायत पण तुमचा ठिपकाच हिंडतोय, तर दोष फोनचा. आणि कोणाला लोकेशन आकड्यांत पाठवत असाल, विशेषतः जुन्या कागदावरून, तर सोबत डेटमचं नाव लिहा. दोन शब्द जास्त टाइप करावे लागतात, एवढंच.

आमच्याकडे शेवटी दोन्ही घरांनी मिळून मोजणीचा अर्ज केला, फी अर्धी-अर्धी. फेब्रुवारीत मोजणी झाली. मी नव्हतो, चुलतभावाने व्हिडिओ कॉलवर दाखवली. ज्या बाजूला काहीच सापडणार नाही असं सगळे म्हणत होते तिथे, हातभर खोल, जुना हद्दीचा दगड निघाला. विहीर आमच्याच गटात आली, हद्दीपासून अकरा मीटर आत. पण बांधाच्या दुसऱ्या टोकाला आमचीच केळीची एक ओळ दीड फूट त्यांच्या हद्दीत गेलेली निघाली. काका ओळीकडे बघत बसले, मग म्हणाले, “एवढी घड कापून होऊ द्या, मग काढतो.” पलीकडून उत्तर आलं, “होऊ द्या.”